‘व्यायाम करा’ याच्या पुढचं कोण सांगणार?

मधुमेहाचं निदान झालेल्या माणसाच्या हातातली चिठ्ठी वाचून बघा. गोळीचं नाव असतं, तिची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, जेवणाआधी की जेवणानंतर हे असतं, किती दिवस घ्यायची हेही असतं. सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा तोंडीच, एक वाक्य येतं: ‘रोज चालत जा, वजन कमी करा.’ किती चालायचं, कोणत्या वेगाने, गुडघा धरत असेल तर काय करायचं, इन्शुलिन घेतल्यावर किती वेळाने निघायचं, छातीत जड वाटलं तर कुठे थांबायचं, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. ज्या उपचाराने हा आजार लांबवता येतो त्याला मात्रा नाही, आणि ती ठरवून देणारा माणूसही दवाखान्यात नाही. यात डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ओपीडीच्या रांगेत एका पेशंटच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात आणि व्यायामाचा डोस कसा ठरवायचा याला एमबीबीएसच्या अभ्यासात फारशी जागाही नाही.

तो माणूस तयार करणारं शिक्षण मात्र आपल्याकडे आहे. व्यायामशास्त्र, क्रीडाविज्ञान, एक्सरसाइज सायन्स अशा वेगवेगळ्या नावांनी काही विद्यापीठं तीन-चार वर्षांची पदवी देतात, पुढे एमएस्सीही करता येतं. मी अशा विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅडम, हे करून पुढे काय?’ आज माझ्याकडे जे उत्तर आहे ते या मुलांच्या तयारीला शोभणारं नाही. म्हणून हा लेख. व्यायामशास्त्राच्या पदवीला आरोग्यसेवेची पदवी म्हणून मान्यता मिळावी, पदवीधरांची नोंदणी व्हावी आणि सरकारी आरोग्यव्यवस्थेत त्यांच्यासाठी पद असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गरज किती मोठी आहे हे आधी पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये शारीरिक हालचालीविषयीचा जागतिक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० साली पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढ भारतीयांचं प्रमाण सुमारे २२ टक्के होतं, २०२२ पर्यंत ते ४९ टक्क्यांवर गेलं. बायकांमध्ये तर ते ५७ टक्के आहे. पुरेशी म्हणजे किती, तर आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल. दिवसाला वीस-बावीस मिनिटं. तेवढंही निम्म्या देशाकडून होत नाही.

याच आजाराबद्दल आपल्याच देशातला पुरावा वीस वर्षांपूर्वीचा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ‘इंडियन डायबिटीज प्रिव्हेन्शन प्रोग्राम’चे निष्कर्ष मांडले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांत आहार आणि व्यायाम बदलल्याने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र दिल्याने जास्तीचा फायदा दिसला नाही. या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आकड्यांच्या मागे आहे. त्या लोकांना एकदा सल्ला देऊन घरी पाठवलं नव्हतं. त्यांच्याशी ठरावीक काळाने बोलणं होत होतं, काय जमतंय आणि काय अडतंय हे विचारलं जात होतं. गोळीच्या तोडीस तोड ठरलेला उपचार हा असा पाठपुरावा केलेला उपचार होता. आपण त्यातला सल्ला तेवढा उचलला, पाठपुरावा सोडून दिला.

यावर लगेच म्हटलं जातं, चालायला कुणाची पदवी कशाला लागते? निरोगी माणसाला नाहीच लागत. पण ज्यांना ‘चाला’ म्हणून सांगितलं जातं ते बहुतेक निरोगी नसतात. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो, कारण ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून मधुमेही माणसाने सलग दोन दिवसांहून जास्त खाडा करू नये असं सांगतात. पण याच गुणामुळे इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली गोळी घेणाऱ्याची साखर व्यायामानंतर, कधी कधी रात्री झोपेतसुद्धा, धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर कितीही दमला तरी त्या माणसाची नाडी तेवढी वाढतच नाही, त्यामुळे नाडी जास्तीत जास्त किती वाढू शकते हे सांगणारं, ‘२२० वजा वय’ हे जिमच्या भिंतीवर लावलेलं सूत्र त्याच्या कामाचं नसतं. त्याला दम किती लागतोय, बोलता येतंय का, यावरून श्रम ठरवावे लागतात. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलल्याने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. हे सगळं आमच्या मुलांना परीक्षेला येतं. ज्यांच्या हाती आज लोक आपलं शरीर सोपवतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या कानावरून हे गेलेलंही नसतं.

कागदावरच्या अभ्यासापेक्षा एक प्रत्यक्ष काम सांगते. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुली एका गावात बचत गटातल्या बायकांची तपासणी करायला गेल्या होत्या. सामान म्हणजे रक्तदाब मोजायचं यंत्र, स्टॉपवॉच, वजनकाटा आणि शाळेतली एक खुर्ची. खुर्ची मागे सरकू नये म्हणून ती भिंतीला टेकवली. बाईंनी दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं. हाताचा आधार घेतला तर ते उठणं धरायचं नाही. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी वेळा उठता आलं तर पायातली ताकद कमी आणि पडण्याचा धोका जास्त, असं ही चाचणी सांगते. साठी ओलांडलेल्या एक मावशी सात वेळा उठल्या आणि थांबल्या. ‘रानात दिवसभर वाकून खुरपते, पण बसल्या जागेवरनं उठायचं तर हात टेकावा लागतो’, असं त्या म्हणाल्या. चाचणी घेणाऱ्या मुलीने गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलं, साखर आहे हे कळल्यावर चपला काढायला सांगून तळपाय पाहिले. टाचेजवळ फोड होता आणि मावशींना त्याचा पत्ताच नव्हता. पायाची संवेदना गेली होती. ‘रोज चाला’ हा सल्ला या बाईने प्रामाणिकपणे पाळला असता तर त्या फोडाची जखम झाली असती, आणि मधुमेह्याच्या पायाची जखम कुठपर्यंत जाते हे सरकारी दवाखान्याच्या सर्जरी वॉर्डात कुणीही सांगेल. त्या मुलीने आधी त्यांना आरोग्य केंद्रात पाठवलं, अनवाणी चालायचं नाही हे तिथल्या तिथे घोटून घेतलं आणि फोड भरेपर्यंत खुर्चीत बसून करायचे मांड्यांचे व्यायाम शिकवले. एकवीस वर्षांची मुलगी. तिला हे करता आलं कारण कुणीतरी तिला ते तीन वर्षं शिकवलं होतं. आता ती पदवीधर आहे. हेच काम तिला पगार घेऊन करायचं असेल तर महाराष्ट्रात ती कुठल्या दारात उभी राहील?

एक दार शाळेचं. शारीरिक शिक्षणाचं आपलं सगळं शिक्षण गेली कित्येक दशकं शिक्षक घडवण्याभोवती बांधलेलं आहे. बी.पी.एड. ही पदवी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांखाली येते आणि २०१४ च्या नियमावलीनंतर ती दोन वर्षांची झाली. क्रीडाशिक्षक हवेतच. शाळेतले खेळाचे तास गणिताला देणं बंद व्हायला हवं, ते वेगळं भांडण आहे आणि मी त्यातही आहे. पण मधुमेह्याच्या व्यायामाचा डोस ठरवणारा माणूस आणि शाळेचा क्रीडाशिक्षक हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. व्यायामशास्त्राच्या पदवीधराला शाळेत जायचं तर पुन्हा बी.पी.एड. करावं लागतं. तिकडे आरोग्याच्या बाजूला तर दारच बांधलेलं नाही. संसदेने २०२१ साली ‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स’ कायदा केला. डॉक्टर आणि नर्सखेरीज आरोग्यसेवेत काम करणाऱ्या व्यवसायांना ओळख, शिक्षणाचा दर्जा आणि नोंदणी देणारा हा मोठा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे दहा गट आहेत. फिजिओथेरपीला स्वतंत्र गट आहे, पोषणशास्त्राला आहे, ऑक्युपेशनल थेरपीला आहे, नेत्रविज्ञानाला आहे. व्यायामशास्त्राला स्वतंत्र गट नाही. देशातला एवढा मोठा आजार हालचालीअभावी वाढत असताना हालचालीचा अभ्यास केलेल्या माणसाला तिथे आपली म्हणावी अशी जागा मिळू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उरतं दार जिमचं. आमची बरीचशी मुलं तिथेच जातात. तिथे त्यांच्या शेजारी काही आठवड्यांचं प्रमाणपत्र घेतलेला, किंवा तेही नसलेला ट्रेनर असतो, आणि पगार ठरतो तो किती ‘पर्सनल ट्रेनिंग’ विकलं यावरून. माझ्या एका विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात प्रोटीनचे डबे खपवायचं उद्दिष्ट दिलं होतं. मेंबरचा रक्तदाब मोजायचा आग्रह त्याने धरला, तर लोक घाबरून पळतील म्हणून त्याला गप्प बसवलं. ट्रेनर व्हायला कायद्याने कुठलाही परवाना लागत नाही. मग शरीरसौष्ठवाच्या नादाला लागलेल्या पोरांना मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं मिळतात, यात नवल ते काय? ऑपरेशनमध्ये भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरायचं ते औषध आहे, आणि पोरं ते दोन सेट जास्त मारता यावेत म्हणून टोचून घेतात. पुण्यात पोलिसांनी त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. पुनीत राजकुमार हे कन्नड अभिनेते २०२१ साली वयाच्या ४६ व्या वर्षी व्यायामानंतर छातीत दुखून गेले, तेव्हा आठवडाभर घराघरांत जिमची भीती बोलली गेली. त्या भीतीतून एक साधा नियमसुद्धा निघाला नाही: नवा मेंबर आला की आधी त्याला सात-आठ प्रश्न विचारायचे, छातीत दुखतं का, चक्कर येते का, रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का, आणि एकाही प्रश्नाचं उत्तर हो आलं तर डॉक्टरांकडे पाठवायचं. जगभर वापरली जाणारी ही प्रश्नावली एका पानाची आहे.

जिम निदान शहरातली गोष्ट. खेड्यापाड्यात याहून मोठा प्रयोग रोज पहाटे चालू असतो आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नाही. पोलीस भरती. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, असे मैदानी चाचणीचे ५० गुण. या गुणांसाठी हजारो मुलंमुली हायवेच्या कडेने, डांबरावर, तळ झिजलेल्या बुटांत धावतात. प्रत्येक तालुक्याच्या गावाला भरतीच्या अकॅडम्या आहेत. शिकवणारे बहुतेक स्वतः भरती झालेले, किंवा थोडक्यात हुकलेले. त्यांच्या तळमळीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण जाहिरात निघाली की एकदम दुप्पट धावायला लावायचं, नडग्या दुखायला लागल्या की ‘सवय होईल’ म्हणायचं, ही तिथली पद्धत आहे. हाडाला वाढत्या भाराची सवय व्हायला आठवडे लागतात. स्नायू आणि दम त्याच्या आधी तयार होतात, म्हणून मुलाला वाटतं आपण आणखी धावू शकतो, आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. मग तो पोरगा ऐन चाचणीच्या दिवशी लंगडतो आणि त्याचं वर्ष जातं. वयाची अट असलेल्या भरतीत वर्ष जाणं काय असतं ते ज्याच्या घरात असा मुलगा आहे त्याला विचारा.

मुलींचं आणखी वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तात हिमोग्लोबिन कमी तर स्नायूंपर्यंत प्राणवायू कमी, मग ८०० मीटरचं दुसरं चक्कर तिच्या फुप्फुसांत आग लावतं. तिला म्हणतात, स्टॅमिना वाढव. तिला आधी लोहाची गोळी हवी असते, पुरेसं जेवण हवं असतं, पाळी अनियमित झाली आहे का हे विचारणारी कुणी बाई हवी असते. अकॅडमीत अशी बाई सहसा नसते.

यातली जोखीम किती खरी आहे ते २०२४ साली झारखंडमध्ये दिसलं. उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत पुरुषांना तासाभरात १० किलोमीटर धावायचं होतं. दमट उकाड्यात झालेल्या या चाचण्यांच्या काळात दहाहून अधिक उमेदवार दगावले आणि सरकारला भरती काही दिवस थांबवावी लागली. उष्णतेची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत होते, घाम लवकर सुटायला लागतो, रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं. उष्माघात झालेल्या धावपटूला आधी बर्फाच्या किंवा गार पाण्यात थंड करायचं आणि मग रुग्णालयात हलवायचं, हा जगभर मान्य असलेला क्रम आहे, कारण शरीराचं तापमान चाळिसाच्या वर जितका वेळ राहील तितका धोका वाढतो. मैदानाच्या कडेला पाण्याने भरलेला एक मोठा टब आणि हा क्रम माहीत असलेला एक माणूस असला तर जीव वाचू शकतो. दरवर्षी भरती घेणाऱ्या राज्याने असा माणूस मैदानावर सक्तीचा का करू नये?

हे शास्त्र परकं आहे, पाश्चात्त्यांचं फॅड आहे, असं कुणी म्हणत असेल तर त्यांना आपल्याच मातीची ओळख नाही. बसून काम करणारा आणि हिंडून काम करणारा यांच्या हृदयात फरक पडतो हे जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या डबलडेकर बसमधल्या ड्रायव्हर-कंडक्टरांवरून दाखवलं. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. या शास्त्रातला तो पायाचा दगड. पण त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, स्वामी कुवलयानंद नौली आणि उड्डियान या पोटाच्या योगक्रिया करताना शरीराच्या आतला दाब किती बदलतो ते यंत्र लावून मोजत होते, क्ष-किरणांनी पाहत होते. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेल्या या माणसाने १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगाचं संशोधन छापणारं नियतकालिक सुरू केलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्यांच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवले. बडोद्याहूनच आबासाहेब मुजुमदारांनी व्यायामाचा मराठी ज्ञानकोश दहा खंडांत काढला. मोजून, नोंदवून, मराठीत लिहून व्यायामाकडे पाहण्याची इतकी मोठी परंपरा असलेल्या प्रांताने पुढच्या शंभर वर्षांत या विषयाला प्रयोगशाळेतून काढून पी.टी.च्या तासापुरतं ठेवावं, ही आपली खरी पीछेहाट आहे.

आता आक्षेपांकडे वळते. सगळ्यात गंभीर आक्षेप फिजिओथेरपिस्ट मंडळींचा आहे: हे काम आमचं, त्यात आणखी एक पदवी कशाला? त्यांची बाजू मी समजू शकते. त्यांचं शिक्षण लांबलचक आणि रुग्णालयातलं आहे, आणि ओळखीसाठी त्यांनाही फार वर्षं झगडावं लागलं. पण ऑपरेशननंतरचा गुडघा, अर्धांगवायू, फाटलेला स्नायूबंध हे त्यांचं क्षेत्र, आणि स्थिर असलेला मधुमेह, वाढलेलं वजन, रक्तदाब, म्हातारपणातली अशक्तता, धावणारा खेळाडू हे व्यायामशास्त्राचं, अशी हद्द आखता येते आणि कायद्यातच आखायला हवी. बायपासनंतरच्या पुनर्वसनासारखी काही कामं दोघांनी मिळून करायची आहेत. ऑस्ट्रेलियात ही व्यवस्था चालू आहे. तिथे एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट हा फिजिओथेरपिस्टहून वेगळा, मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. पदवीच्या काळात ५०० तास प्रत्यक्ष काम केल्याशिवाय मान्यता मिळत नाही, आणि दीर्घकालीन आजाराच्या रुग्णाला फॅमिली डॉक्टरने पाठवलं तर वर्षाला पाचपर्यंत भेटींच्या खर्चातला वाटा मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना उचलते. त्यामुळे तिथले फिजिओथेरपिस्ट बेकार झाले नाहीत. आपल्याकडे तर दोघांनी मिळूनही पुरे पडणार नाही इतके रुग्ण आहेत.

दुसरा आक्षेप योगाचा. आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी आरोग्य केंद्रांत योगवर्ग होतात, मग वेगळा माणूस कशाला? योगवर्ग चालावेत, वाढावेत. त्याने लोक एकत्र येतात, लवचिकपणा आणि तोल सुधारतो, मनाला बरं वाटतं. पण चाळिशीनंतर स्नायू झडत जातात, बायकांची हाडं पाळी गेल्यावर झपाट्याने विरळ होतात, आणि त्याला भार उचलण्याचा, जोर लावण्याचा व्यायाम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात चालण्यासारख्या हालचालीच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. आपल्या घरांत आईला किंवा आजीला कुणी वजन उचलायला सांगत नाही. उलट ‘आता जड उचलू नकोस’ असंच सांगतात, आणि मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं. या बायकांना पाण्याने भरलेल्या बाटलीपासून सुरुवात करून देणारी, धीर देणारी, रक्तदाब बघत बघत भार वाढवणारी मुलगी हवी. व्यायामशास्त्र शिकायला मुलींनी यावं असं मी कळकळीने सांगते ते यासाठी. घरातल्या बायका परक्या पुरुष ट्रेनरसमोर पाय उचलणार नाहीत, तिच्यासमोर उचलतील.

खर्चाबद्दल एवढंच म्हणते की डायलिसिसवर, अँजिओप्लास्टीवर, पाय कापण्यावर आपण खर्च करतोच आहोत.

दोष आमच्या बाजूचाही मोठा आहे आणि तो झाकून मागण्या करणं योग्य नाही. या नावाच्या सगळ्याच पदव्या पदवी म्हणण्याच्या लायकीच्या नाहीत. काही ठिकाणी प्राणवायूचा वापर मोजणारं महागडं यंत्र पाहुण्यांना दाखवण्यापुरतं आहे, त्याचा गॅस भरलेला नसतो, विद्यार्थ्याने मास्क एकदाही तोंडाला लावलेला नसतो. इंटर्नशिप म्हणजे ओळखीच्या जिममधून आणलेलं पत्र. पालकांनी प्रवेशाआधी इमारत पाहू नये, तिसऱ्या वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन विचारावं: गेल्या महिन्यात किती माणसांचा रक्तदाब तू स्वतः मोजलास? कुठल्या रुग्णालयात गेला होतास? ईसीजी वाचता येतो का? उत्तर देताना तो घुटमळला तर फी कितीही कमी असली तरी तिथे जाऊ नये. नोंदणीची मागणी आम्ही करतो तेव्हा हेच निकष आमच्यावरही लागू व्हावेत, आणि जी महाविद्यालयं त्यात बसणार नाहीत त्यांची मान्यता जावी.

आणि संशोधन. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे त्यातून जगाला कळलं. पुण्यातून निघालेलं हे ज्ञान व्यायामाच्या बाबतीत पुढे न्यायचं काम कुणाचं? मी वर सांगितलेल्या खुर्चीच्या चाचणीतला बारा हा आकडा अमेरिकी ज्येष्ठांवरून काढलेला आहे. रानात खुरपणाऱ्या, उकिडवं बसून भाकरी करणाऱ्या आपल्या बायकांचा आकडा काय असावा? एकेका महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी दोन-दोनशे बायकांच्या नोंदी नीट घेतल्या तर काही वर्षांत महाराष्ट्राचं स्वतःचं कोष्टक तयार होईल. त्याला परदेशी यंत्र लागत नाही, खुर्ची आणि घड्याळ लागतं. बालेवाडीला क्रीडा विद्यापीठ उभारण्याचा कायदा राज्याने केला आहे. त्या विद्यापीठाने पदकांइतकंच महत्त्व या कामाला द्यावं.

केंद्राच्या कायद्यात गट वाढायला वेळ लागेल हे मला ठाऊक आहे. तोवर थांबायचं कारण नाही. जिल्हा रुग्णालयांत आणि ग्रामीण रुग्णालयांत मधुमेह-रक्तदाबासारख्या असंसर्गजन्य आजारांचे (एनसीडी) क्लिनिक चालतात. तिथे दर आठवड्याला तेच रुग्ण गोळ्या न्यायला येतात, बाकावर बसून नंबरची वाट बघतात. शेवटच्या सत्राची इंटर्नशिप आमच्या मुलांना तशीही करायचीच असते. विद्यापीठ आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्यात एक करार झाला तर येत्या जूनपासून ही मुलं जिमऐवजी त्या बाकांपाशी बसू शकतात, एका प्राध्यापकाच्या आणि एका डॉक्टरच्या देखरेखीखाली. रुग्णाच्या गोळ्यांच्या चिठ्ठीखाली व्यायामाच्या चार ओळी लिहाव्यात, तळपाय बघावेत, पुढच्या आठवड्यात काय जमलं ते विचारून नोंद ठेवावी. सुरुवात अमरावतीपासून करावी असं मी सुचवीन. शंभर वर्षांहून जुनी व्यायामसंस्था तिथे आहे, जिल्हा रुग्णालय आहे, विद्यापीठही आहे. वर्षभराच्या नोंदी हातात आल्या की पदनिर्मितीचा प्रस्ताव घेऊन मंत्रालयात जाता येईल, आणि तेव्हा ‘हे करून पुढे काय’ असं विचारणाऱ्या पालकांना मी त्या प्रस्तावाची प्रत दाखवीन.